विश्लेषण : ज्या तोफांनी फ्रान्सिस ड्रेकला परतवले, त्या त्याच्याच धाडीमुळे कशा उभ्या राहिल्या? प्वेर्तो रिकोच्या लढाईची गोष्ट

इंग्लंडचा सर्वांत गाजलेला दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेक १५९५ मध्ये स्पेनच्या ताब्यातील प्वेर्तो रिको बेटावर चालून गेला. चांदीने भरलेला खजिना समोर होता, पण तो हाती लागला नाही. सुमारे अडीच महिन्यांत ड्रेकचाही मृत्यू झाला. दहा वर्षांपूर्वी ज्याने कॅरिबियन समुद्रातील शहरे सहज लुटली, तो याच समुद्रात का हरला? आणि त्यानंतरही इंग्रज, डच आणि अखेर अमेरिकन या बेटाच्या मागे का लागले?

फ्रान्सिस ड्रेक कोण होता?

ड्रेकचा जन्म १५४० च्या सुमारास इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, टॅव्हिस्टॉक गावाजवळ झाला. बारा भावांमध्ये तो थोरला. वडील एडमंड ड्रेक कट्टर प्रोटेस्टंट होते आणि पुढे धर्मोपदेशक झाले. हे कुटुंब डेव्हन सोडून केंटमध्ये गेले आणि मेडवे नदीत नांगरलेल्या एका जुन्या जहाजाच्या सांगाड्यात राहू लागले. घरची परिस्थिती बेताची होती. फ्रान्सिस लहान वयातच एका छोट्या व्यापारी गलबतावर उमेदवारी करू लागला. गलबताच्या मालकाला मूलबाळ नव्हते. मरताना त्याने ते गलबत या मुलाच्या नावे केले.

ड्रेकचे नातेवाईक असलेले हॉकिन्स कुटुंब प्लिमथ बंदरातील मोठे जहाजमालक होते. त्यांच्यापैकी जॉन हॉकिन्सने १५६० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतून माणसे पकडून ती कॅरिबियनमधील स्पॅनिश वसाहतींत गुलाम म्हणून विकण्याचा धंदा सुरू केला. ड्रेक या सफरींवर होता. इंग्लंडच्या इतिहासात वीरपुरुष ठरलेल्या या माणसाच्या कारकिर्दीची सुरुवात गुलामांच्या व्यापारातून झाली, ही बाब आज त्याच्याविषयीच्या कोणत्याही चर्चेत टाळता येत नाही.

स्पेनशी वैर कशावरून?

१५६८ मध्ये हॉकिन्सची जहाजे वादळात सापडून मेक्सिकोच्या सान हुआन दे उलुआ बंदरात शिरली. पाठोपाठ स्पेनचा ताफा नव्या व्हाइसरॉयला घेऊन तिथे पोहोचला. दोन्ही बाजूंनी शांततेचा करार झाला, पण काही दिवसांतच स्पॅनिशांनी तो मोडून हल्ला केला. इंग्रजांची बहुतेक जहाजे आणि शेकडो माणसे गेली. निसटलेल्या दोन जहाजांपैकी ज्युडिथ हे छोटे जहाज ड्रेकच्या हाती होते.

त्या दिवसापासून ड्रेकने स्पेनशी आयुष्यभराचे वैर धरले. स्पेनच्या नजरेतून पाहिले तर हॉकिन्स आणि ड्रेक हे परवानगीविना व्यापार करणारे घुसखोर होते. इंग्रजांच्या दृष्टीने स्पॅनिशांनी दिलेला शब्द मोडला होता. पुढची सत्तावीस वर्षे दोन्ही बाजू आपापलीच बाजू खरी मानून लढत राहिल्या.

स्पेनची चांदी कुठून कशी जायची?

ड्रेकचे आयुष्य समजून घ्यायचे तर स्पेनच्या चांदीची वाट समजून घ्यावी लागते. दक्षिण अमेरिकेतील पोटोसीच्या खाणींतून निघालेली चांदी प्रशांत महासागराच्या किनाऱ्याने पनामापर्यंत जहाजातून यायची. तिथून खेचरांच्या पाठीवरून अरुंद भूपट्टी ओलांडून ती अटलांटिक बाजूच्या नोम्ब्रे दे दिओस बंदरात पोहोचायची. मग ताफा हवानामार्गे स्पेनला जायचा. युरोपातील स्पेनच्या युद्धांचा मोठा खर्च या चांदीवर भागत होता.

या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा ड्रेकने ओळखला. १५७२ मध्ये दोन छोटी जहाजे आणि ७३ माणसे घेऊन तो निघाला. नोम्ब्रे दे दिओसवरचा पहिला हल्ला फसला आणि तो स्वतः जखमी झाला. या मोहिमेत त्याचे दोन भाऊ दगावले. पण स्पॅनिशांच्या गुलामीतून पळून जंगलात वस्ती केलेल्या आफ्रिकी लोकांशी, म्हणजे सिमारोनांशी, त्याने हातमिळवणी केली. १५७३ मध्ये त्यांच्या आणि गिय्योम ल तेस्त्यू या फ्रेंच खलाशाच्या मदतीने त्याने चांदी-सोन्याने लादलेला खेचरांचा तांडा लुटला. चांदी इतकी होती, की ती सगळी उचलून नेणेही शक्य झाले नाही.

याच मोहिमेत एका उंच झाडावर चढून ड्रेकने पहिल्यांदा प्रशांत महासागर पाहिला.

पृथ्वीप्रदक्षिणेतून काय साधले?

डिसेंबर १५७७ मध्ये ड्रेक पाच जहाजे घेऊन प्लिमथहून निघाला. वाटेत बंडाच्या आरोपावरून त्याने आपला सहकारी थॉमस डाउटी याचा शिरच्छेद करवला. मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून पलीकडे गेल्यावर त्याचे एकच जहाज सोबत उरले. आधी पेलिकन नाव असलेल्या या जहाजाचे त्याने गोल्डन हाइंड असे नामकरण केले होते.

प्रशांत महासागरात शत्रू येईल अशी कल्पनाही स्पॅनिशांनी केली नव्हती. तिथली बंदरे आणि जहाजे जवळपास उघडीच होती. १५७९ मध्ये ड्रेकने काकाफुएगो या टोपणनावाने ओळखले जाणारे खजिन्याचे जहाज पकडले आणि त्यातून सुमारे २६ टन चांदी काढून घेतली. नंतर मसाल्याच्या बेटांतील तेर्नातेला लवंग भरून, आफ्रिकेला वळसा घालून तो २६ सप्टेंबर १५८० रोजी प्लिमथला परतला. आपल्या जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतलेला तो पहिला इंग्रज कप्तान.

पुढच्या वर्षी राणी पहिली एलिझाबेथ त्याच्या जहाजावर गेली आणि तिथे त्याला सर ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी तो प्लिमथचा महापौर झाला. पुढे १५९०-९१ मध्ये या शहरासाठी डार्टमूरच्या माळावरून सुमारे १७-१८ मैल लांबीचा पाण्याचा पाट त्याच्या देखरेखीखाली खोदला गेला. हे पाणी शहराला जवळपास तीनशे वर्षे पुरले.

१५८६ ची धाड एवढी महत्त्वाची का?

ड्रेकच्या शेवटच्या पराभवाचे बीज याच धाडीत आहे. १५८५ मध्ये इंग्लंड आणि स्पेन यांच्यात उघड युद्ध सुरू झाले. त्या सप्टेंबरात ड्रेक वीसहून अधिक जहाजे आणि सुमारे २,३०० माणसे घेऊन कॅरिबियनकडे निघाला.

पहिले लक्ष्य होते हिस्पॅनियोला बेटावरील सांतो दोमिंगो. अमेरिकेतील स्पेनचे हे सर्वांत जुने शहर. त्याच्या तोफा समुद्राकडे तोंड करून होत्या आणि मागची बाजू ढिली होती. ड्रेकने रात्री शहराच्या पश्चिमेला काही मैलांवर सैन्य उतरवले. दिवस उजाडल्यावर जहाजांनी समोरून तोफा डागून लक्ष वेधून घेतले आणि क्रिस्टोफर कार्लाइलच्या हाताखालचे सैनिक जमिनीच्या बाजूने शहरात घुसले. १ जानेवारी १५८६ रोजी शहर पडले.

ड्रेक तिथे महिनाभर राहिला. खंडणीची बोलणी अडली, की तो शहराचा एकेक भाग जाळायचा. घरे दगडी असल्यामुळे ती पाडायला त्याच्या माणसांना घाम गाळावा लागला. बोलणीसाठी पांढरे निशाण देऊन पाठवलेल्या एका आफ्रिकी मुलाला स्पॅनिश अधिकाऱ्याने भोसकले, तेव्हा ड्रेकने ताब्यातील दोन धर्मगुरूंना फासावर चढवले. शेवटी २५,००० डुकाट घेऊन त्याने शहर सोडले. पुढच्याच महिन्यात आजच्या कोलंबियातील कार्ताहेना पडले आणि तिथून एक लाखाहून अधिक डुकाटांची खंडणी मिळाली. परतताना फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन जाळले गेले.

हिशेबाने पाहिले तर ही मोहीम तोट्याची होती. सुमारे ७५० माणसे गेली, त्यांपैकी बहुतेक तापाने. पैसे गुंतवणाऱ्यांना प्रत्येक पौंडामागे १५ शिलिंगच परत मिळाले, म्हणजे रुपयामागे बारा आणे. पण स्पेनची अब्रू गेली. ज्याच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हटले जाई, त्या राजाची दोन मोठी शहरे एका इंग्रजाने आठवड्यांच्या अंतराने घेतली होती.

स्पेनने काय केले?

राजा दुसरा फिलिप याने त्याच वर्षी दोन माणसे कॅरिबियनकडे धाडली. एक होता सेनानी हुआन दे तेखेदा आणि दुसरा इटालियन किल्लेबांधणी तज्ज्ञ बाउतिस्ता आन्तोनेली. कोणती बंदरे राखायची, कुठे किल्ला हवा, कुठे नको, याचा संपूर्ण आराखडा त्यांनी तयार केला. हवाना, कार्ताहेना, सांतो दोमिंगो, पनामाची भूपट्टी आणि प्वेर्तो रिकोतील सान हुआन ही ठिकाणे त्यात होती. सान हुआनमधील एल मोरो या किल्ल्याची नवी आखणी १५८९ मध्ये झाली. खर्चासाठी मेक्सिकोच्या तिजोरीतून ठरावीक रक्कम येऊ लागली. नियमित शिबंदी आणि नव्या तोफा आल्या.

थोडक्यात, ड्रेकने १५८६ मध्ये स्पेनला आपल्या संरक्षणातील भोके दाखवून दिली आणि स्पेनने ती बुजवायला घेतली.

प्वेर्तो रिको मोक्याचे का होते?

शिडाच्या काळात समुद्रावरचे रस्ते वारा ठरवत असे. युरोपातून निघालेले जहाज कॅनरी बेटांपर्यंत दक्षिणेला उतरायचे आणि तिथून पूर्वेकडून पश्चिमेकडे सतत वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांवर अटलांटिक ओलांडायचे. पलीकडे पोहोचल्यावर छोट्या बेटांची माळ ओलांडली, की गोडे पाणी, बंदर आणि वस्ती असलेले पहिले मोठे बेट म्हणजे प्वेर्तो रिको. हे बेट शत्रूकडे गेले तर तो वाऱ्याच्या उगमाच्या बाजूला बसणार. तिथून क्युबा, हिस्पॅनियोला, मेक्सिको कुठेही उतरणे सोपे. उलट दिशेने वाऱ्याविरुद्ध येऊन त्याला हुसकावणे अवघड.

स्पॅनिशांनी १५०८ मध्ये हुआन पोन्से दे लेओनच्या नेतृत्वाखाली इथे वसाहत सुरू केली. मूळ रहिवासी ताइनो लोक सक्तीची मजुरी, लढाया आणि रोगराई यांत काही दशकांत जवळपास संपले. सोने लवकर आटले. उरली ती बेटाची जागा, आणि त्या जागेसाठीच पुढची तीनशे वर्षे लढाया झाल्या.

सान हुआन शहर मुख्य बेटाच्या उत्तरेला लागून असलेल्या एका छोट्या बेटावर आहे. बंदराचे तोंड पश्चिमेला आणि अरुंद. त्या तोंडावरच उंच कड्यावर एल मोरो. पूर्वेला खाडी आणि पूल ओलांडून जमिनीकडची वाट. नकाशा पाहिला तर लक्षात येते, की शत्रूला येण्यासाठी दोनच दरवाजे आहेत : बंदराचे तोंड किंवा पूर्वेची खाडी.

१५९५ पर्यंत ड्रेकचे दिवस कसे गेले?

१५८७ मध्ये ड्रेकने स्पेनच्या काडिझ बंदरात शिरून वीसहून अधिक जहाजे नष्ट केली. परतताना अझोर बेटांजवळ त्याने साओ फिलिपे हे पोर्तुगीज जहाज पकडले. १५८० पासून पोर्तुगालचा मुकुटही फिलिपच्याच डोक्यावर होता, त्यामुळे गोव्यासह पोर्तुगीजांच्या सगळ्या पूर्वेकडील वसाहती त्याच्या राज्यात मोडत होत्या. पूर्वेकडून येणाऱ्या या जहाजात मसाले, रेशीम आणि सुती कापड होते. एक लाख पौंडांहून अधिक किमतीचा हा माल आणि सोबतची कागदपत्रे पाहून लंडनच्या व्यापाऱ्यांना भारताकडील व्यापाराचा अंदाज आला. तेरा वर्षांनी, १६०० च्या अखेरीस, ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक मानले जाते.

१५८८ मध्ये स्पेनचे मोठे आरमार इंग्लंडवर चालून आले तेव्हा ड्रेक इंग्रज ताफ्याचा उपप्रमुख होता. शत्रू दिसला तरी त्याने बोल्सचा खेळ आधी पूर्ण केला, ही प्रसिद्ध कथा नंतरच्या काळातली आहे. तिला समकालीन पुरावा नाही.

पुढच्या वर्षी बाजू उलटली. १५८९ मध्ये सुमारे दीडशे जहाजे घेऊन ड्रेक आणि जॉन नॉरिस कोरुन्या आणि लिस्बनवर गेले. काहीच हाती न लागता हजारो माणसे गमावून ते परतले. राणी नाराज झाली. त्यानंतर सुमारे सहा वर्षे ड्रेकला मोठी मोहीम मिळाली नाही.

शेवटच्या मोहिमेचे उद्दिष्ट काय होते?

१५९५ मध्ये त्याला पुन्हा संधी मिळाली, पण एकट्याला नाही. ड्रेक पंचावन्नच्या आसपास, तर जॉन हॉकिन्स साठी ओलांडलेला. दोघांना समान अधिकार देण्यात आले. बेत पनामा घेण्याचा होता. निघायच्या तयारीत असताना बातमी आली, की खजिन्याच्या ताफ्यातील एक मोठे जहाज डोलकाठी मोडल्यामुळे सान हुआनमध्ये अडकून पडले आहे आणि त्यावर सुमारे वीस लाखांची चांदी आहे. राणीने आधी तिकडे जाण्यास मान्यता दिली. ऑगस्टच्या अखेरीस २७ जहाजे आणि सुमारे २,५०० माणसे प्लिमथहून निघाली.

मोहीम कुठे बिघडली?

पहिले कारण दुहेरी नेतृत्व. हॉकिन्स सावध आणि हिशेबी, ड्रेक झटपट निर्णय घेणारा. ड्रेकने आपल्या जहाजांवर ठरल्यापेक्षा जास्त माणसे घेतली आणि अन्न कमी पडू लागले. त्यावरून दोघांत खटके उडाले.

दुसरे कारण वाटेतला थांबा. अन्नासाठी ड्रेकने कॅनरी बेटांतील लास पाल्मासवर हल्ला करण्याचा आग्रह धरला. हल्ला फसलाच, शिवाय तिथे पकडल्या गेलेल्या इंग्रजांकडून ताफा कुठे चालला आहे ते स्पॅनिशांना कळले. कॅरिबियनला इशारा गेला.

तिसरे कारण ग्वादलूप बेटाजवळ घडले. खजिना आणण्यासाठी स्पेनहून पेद्रो तेल्यो दे गुस्मानच्या हाताखाली पाच वेगवान जहाजे निघाली होती. त्यांनी इंग्रज ताफ्यातून मागे पडलेले फ्रान्सिस हे छोटे जहाज पकडले. खलाशांकडून सारा बेत समजताच तेल्यो थेट सान हुआनला धावला. इंग्रज मात्र आपल्या छोट्या होड्या जोडण्यासाठी व्हर्जिन बेटांत थांबले. हॉकिन्स तोवर अंथरुणाला खिळला होता. तेल्योला आठवड्याहून अधिक उसंत मिळाली.

या काळात सान हुआनमध्ये गव्हर्नर पेद्रो सुआरेस कोरोनेल आणि खजिन्याच्या जहाजाचा प्रमुख सांचो पार्दो यांनी चांदी उतरवून ला फोर्तालेसा या दगडी गढीत ठेवली. बायका-मुलांना आणि आजाऱ्यांना शहराबाहेर आतल्या भागात पाठवले. सुमारे ७० तोफा वेगवेगळ्या जागी मांडल्या. बंदराच्या तोंडाशी मोठी जहाजे बुडवून वाट अडवण्याची तयारी केली. तेल्योच्या पाच जहाजांवरचे खलाशी आणि तोफाही कामी आल्या.

प्रत्यक्ष लढाईत काय घडले?

स्पॅनिश पंचांगानुसार तो दिवस २२ नोव्हेंबर १५९५ होता. इंग्लंड तेव्हा जुने पंचांग पाळत होते आणि ते दहा दिवस मागे होते, म्हणून इंग्रज नोंदींत हीच तारीख १२ नोव्हेंबर दिसते. त्याच दिवशी बेटासमोर जहाजावर जॉन हॉकिन्सचा मृत्यू झाला.

इंग्रज ताफ्याने शहराच्या पूर्वेला नांगर टाकला. तिथे तोफा असतील असे त्यांना वाटले नव्हते. संध्याकाळी ड्रेक आपल्या खोलीत सरदारांसह जेवायला बसला असताना किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा खोलीत घुसला. ड्रेकच्या बुडाखालचे स्टूल उडाले, पण त्याला इजा झाली नाही. शेजारी बसलेले सर निकोलस क्लिफर्ड आणि ब्रूट ब्राउन प्राणांतिक जखमी झाले. ब्राउन ड्रेकचा जवळचा मित्र होता. ताफा नांगर उचलून पलीकडे सरकला.

दुसऱ्या रात्री ड्रेकने पंचवीस-तीस होड्यांतून माणसे बंदरात घुसवली. तेल्योची जहाजे पेटवायची आणि बंदर मोकळे करायचे, असा बेत होता. एक जहाज धडाडून पेटले. पण त्या ज्वाळांनी सगळे बंदर उजळून निघाले. अंधाराच्या आडोशाने आलेल्या होड्या एल मोरो आणि आजूबाजूच्या तोफांना स्पष्ट दिसू लागल्या. तासाभराच्या माऱ्यानंतर इंग्रजांना मागे फिरावे लागले. इंग्रजांनी आपली ४०-५० माणसे गेल्याचे नोंदवले, तर स्पॅनिश अहवालांत हा आकडा कितीतरी पट मोठा आहे.

तिसऱ्या दिवशी ड्रेकची मोठी जहाजे बंदराच्या तोंडाकडे वळली, तेव्हा स्पॅनिशांनी तिथे आणखी जहाजे बुडवली. वाट बंद झाली. ड्रेकने हल्ला सोडून दिला. आधीच्या शहरांपेक्षा श्रीमंत शहरे पुढे दाखवतो, असा दिलासा त्याने आपल्या माणसांना दिल्याचे सांगितले जाते. पण खजिना हातचा गेला होता. तो पुढे सुखरूप स्पेनला पोहोचला.

किल्ल्यासमोर जहाज कमी का पडायचे?

किल्ल्याची तोफ स्थिर दगडावर असते, तर जहाजाची तोफ लाटेबरोबर वरखाली होते. त्यामुळे किल्ल्याचा नेम अधिक अचूक. एल मोरोसारखा किल्ला उंचावर असला, की त्याचा गोळा वरून जहाजाच्या लाकडी पाटावर पडतो. जहाजाच्या तोफेला मात्र तेवढ्या उंचावर नेम धरता येत नाही. दगडी तटाला गोळा बसला तर खपली उडते, जहाजाला बसला तर लाकडाच्या चिरफळ्या उडून आजूबाजूची माणसे कापली जातात. शिवाय अरुंद तोंडातून आत शिरणाऱ्या शिडाच्या जहाजाला वाऱ्यामुळे एकच वाट असते आणि ती तोफांना आधीच माहीत असते.

सांतो दोमिंगोत ड्रेकने हे गणित जमिनीवरून मागून येऊन मोडले होते. सान हुआनमध्ये शत्रू जागा होता आणि ड्रेकने समोरून जाण्याचाच मार्ग धरला.

ड्रेकचा शेवट कसा झाला?

तिथून ड्रेक आजच्या कोलंबियाच्या किनाऱ्यावर गेला, काही वस्त्या घेतल्या आणि नोम्ब्रे दे दिओस जाळले. तेवीस वर्षांपूर्वी ज्या वाटेवर त्याने खेचरांचा तांडा लुटला होता, त्याच वाटेने थॉमस बास्करव्हिलच्या हाताखाली त्याने पनामाकडे सैन्य पाठवले. जानेवारी १५९६ मध्ये चिखल, पाऊस आणि डोंगरवाटेवर दबा धरून बसलेले स्पॅनिश यांनी त्या सैन्याला परतवले.

जहाजांवर रक्ती आव पसरली होती. ड्रेकही आजारी पडला. इंग्रज पंचांगानुसार २८ जानेवारी १५९६ रोजी पोर्तोबेलोजवळ त्याचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी शिशाच्या पेटीत ठेवून त्याला समुद्रात सोडण्यात आले. ती पेटी आजवर सापडलेली नाही. त्याच्या दोन्ही लग्नांतून त्याला मूल झाले नाही.

नोम्ब्रे दे दिओस बंदर नंतर पुन्हा वसवले गेले नाही. त्याच्याऐवजी पोर्तोबेलो राखावे, ही आन्तोनेलीची शिफारस होती आणि तिथे काम सुरूही झाले होते. ज्या किनाऱ्यासमोर ड्रेक बुडवला गेला, तिथेच स्पेनचे नवे बंदर उभे राहिले.

त्यानंतर प्वेर्तो रिकोवर कोण चालून आले?

ड्रेकच्या पराभवातून इंग्रजांनी धडा घेतला. १५९८ मध्ये कंबरलँडचा उमराव जॉर्ज क्लिफर्ड याने समोरचा दरवाजा टाळला. पूर्वेकडे सैन्य उतरवून, खाडी ओलांडून तो शहरात शिरला. वेढ्यानंतर एल मोरो शरण आला. ड्रेकला जे जमले नाही ते कंबरलँडने केले, पण बेट राखता आले नाही. रक्ती आवेने त्याची शेकडो माणसे मारली आणि दोनेक महिन्यांत तो तोफा आणि चर्चच्या घंटा घेऊन निघून गेला.

१६२५ मध्ये डच सेनानी बाउदेवाइन हेंड्रिक्स १७ जहाजांसह एल मोरोच्या तोफांखालून बंदरात घुसला. शहर घेतले, पण गव्हर्नर हुआन दे आरोने एल मोरो सोडला नाही. डचांनी शहर जाळले आणि माघार घेतली.

दोन्ही हल्ल्यांतून स्पेनला कळले, की शहराची जमिनीकडची बाजू उघडी आहे. १६३० च्या दशकात शहराभोवती तट उभा राहू लागला आणि पूर्वेला सान क्रिस्तोबाल किल्ल्याची सुरुवात झाली. १७६५ नंतर आयर्लंडमध्ये जन्मलेले दोन स्पॅनिश अधिकारी, अलेहांद्रो ओ'रायली आणि टॉमस ओ'डेली, यांनी ही संरक्षणव्यवस्था प्रचंड वाढवली.

त्याची परीक्षा १७९७ मध्ये झाली. ब्रिटिश सेनापती राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी याने आधी त्रिनिदाद हे स्पेनचे बेट जवळपास न लढता घेतले. तिथे संरक्षण तुटपुंजे होते. मग तो हजारो सैनिकांसह प्वेर्तो रिकोवर आला आणि पूर्वेच्या पुलापाशीच अडला. दोन आठवड्यांत त्याला परतावे लागले. या फरकाचे परिणाम आजही दिसतात. त्रिनिदाद ब्रिटिशांकडेच राहिले, तिथे १८४५ पासून भारतातून गिरमिटिया मजूर नेण्यात आले आणि आज तिथे इंग्रजी बोलली जाते. प्वेर्तो रिकोची भाषा मात्र स्पॅनिशच राहिली.

मग स्पेनने हे बेट कधी गमावले?

१८९८ मध्ये, अमेरिकेशी झालेल्या युद्धात. मे महिन्यात अमेरिकी युद्धनौकांनी सान हुआनवर तोफा डागल्या, पण शहर घेतले नाही. जुलैमध्ये जनरल नेल्सन माइल्सचे सैन्य बेटाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेकडील ग्वानिका इथे उतरले. तिथे एल मोरो नव्हता. वर्षअखेरीस पॅरिसच्या तहाने बेट अमेरिकेकडे गेले. आजही प्वेर्तो रिको अमेरिकेच्या अखत्यारीत आहे, पण अमेरिकेचे राज्य नाही. तिथे राहणाऱ्या नागरिकांना अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मतदान करता येत नाही.

ड्रेकला आज कसे आठवले जाते?

इंग्लंडमध्ये तो दीर्घकाळ राष्ट्रवीर होता. स्पॅनिश जगात एल द्राके या नावाने तो चाच्यांचा म्होरक्या ठरला. लोपे दे वेगा या स्पॅनिश कवीने १५९८ मध्ये त्याच्या शेवटच्या मोहिमेवर ला द्रागोन्तेया हे महाकाव्य प्रसिद्ध केले. अलीकडे त्याच्या गुलामांच्या व्यापारातील सहभागावर अधिक बोलले जाते. कॅलिफोर्नियातील एका शाळेने २०२१ मध्ये त्याचे नाव बदलून आर्ची विल्यम्स या कृष्णवर्णीय ऑलिम्पिक विजेत्याचे नाव घेतले.

सान हुआनमधील ला फोर्तालेसा, एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल यांना १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान आहे. ज्या गढीत ड्रेकपासून चांदी लपवली होती, ती ला फोर्तालेसा आज प्वेर्तो रिकोच्या गव्हर्नरचे निवासस्थान आहे. एल मोरोसमोरच्या हिरव्या मैदानावर स्थानिक लोक सुटीच्या दिवशी पतंग उडवतात. ड्रेकच्या होड्या ज्या तोंडातून रात्री आत शिरल्या होत्या, तिथूनच आता पर्यटकांची मोठी जहाजे बंदरात येतात.